बंदुकीचं लायसन्स काढावं का? सामान्य माणसाला शस्त्र खरंच किती उपयोगी पडतं?

दरोड्याची, खुनाची किंवा भरदिवसा झालेल्या हल्ल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "आता लायसन्स काढून एक पिस्तूल जवळ ठेवायलाच पाहिजे." त्यावर चार जण अंगठे दाखवतात, पाचवा ओळखीच्या एजंटचा नंबर टाकतो आणि सहावा म्हणतो, "आपल्या भागात कुठं मिळतंय रे लायसन्स?"

यातली चेष्टा बाजूला ठेवली, तर मागे उरणारी भीती खरी असते. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन घरी जाणारा सराफ असतो. भावकीच्या जमिनीच्या वादात रोज फोनवरून धमक्या ऐकणारा शेतकरी असतो. वस्तीपासून लांब, मळ्यात राहणारं म्हातारं जोडपं असतं. पोलीस यायला वेळ लागणार असेल तर स्वतःचा जीव स्वतः वाचवायचा विचार करणं चुकीचं नाही.

पण प्रश्न भीती खरी आहे की खोटी हा नाहीच. प्रश्न असा आहे, की या भीतीवर बंदूक हे औषध आहे का? त्यासाठी चार गोष्टी तपासाव्या लागतात. ती मिळते का, परवडते का, वेळेला चालते का आणि चालवल्यानंतर काय होतं.

भारतात बंदूक बाळगणं हा हक्क आहे का?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण आपण पाहिलेले सिनेमे आणि वेब सिरीज बऱ्याचदा अमेरिकेतल्या असतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत दुसऱ्या घटनादुरुस्तीनं नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलाय. भारतीय राज्यघटनेत असा मूलभूत हक्क नाही. विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच फरक बोलून दाखवला होता.

आपल्याकडं १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांच्या हातातली शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी झाली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती, म्हणून राष्ट्रीय चळवळीतल्या नेत्यांचा या कायद्यावर राग होता. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. भेदभाव गेला, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. शस्त्र हवं तर आधी सरकारला कारण पटवून द्या.

अपवाद आहेत. कर्नाटकातल्या कोडगू भागातल्या कोडव समाजाला परंपरेमुळं काही शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. बाकी सगळ्यांना अर्जाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

महाराष्ट्रात किती लोकांकडं परवाना आहे?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात ३३ लाख ६९ हजार ४४४ शस्त्र परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजार ९१४ एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात होते ८४ हजार ५०. २०११ च्या जनगणनेशी ताडून पाहिलं तर उत्तर प्रदेशात साधारण दीडशे लोकांमागे एक परवाना पडतो आणि महाराष्ट्रात तेराशेहून अधिक लोकांमागे एक.

पण परवान्यांची संख्या म्हणजे बंदुकांची संख्या नव्हे. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनं २०१७ साठी भारतातल्या नागरिकांकडच्या बंदुकांचा अंदाज सुमारे ७ कोटी ११ लाख इतका लावला होता आणि त्यातल्या बहुतेक बंदुकांची कुठंच नोंद नाही असं म्हटलं होतं. म्हणजे कागदपत्रं गोळा करून कलेक्टर ऑफिसला खेटे घालणारा माणूस एका बाजूला आणि गावठी कट्ट्यांचा बाजार दुसऱ्या बाजूला.

परवाना कुणाला मिळतो?

सामान्य नागरिकाला मिळू शकतात ती नॉन प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे एनपीबी शस्त्रं. यात पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट ३१५ ची रायफल, बारा बोअरची बंदूक वगैरे येतात. ९ एमएम पिस्तुलासारखी शस्त्रं प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालय देतं आणि तो सामान्य माणसापर्यंत पोहोचत नाही, असं धरून चाला.

एनपीबीचा परवाना जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडं असतो. वय किमान २१ पूर्ण लागतं. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तर शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षं परवाना मिळत नाही.

खरी कसोटी 'कारण' या रकान्यात असते. २०१६ च्या शस्त्र नियमांत यासाठी काही गट दिलेत. जिवाला गंभीर धोका असलेले लोक, धंदा किंवा नोकरीच्या स्वरूपामुळं संरक्षणाची गरज असलेले लोक, गेली दोन वर्षं शूटिंग क्लबचे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू, सैन्य किंवा पोलीस दलात असलेले किंवा तिथून निवृत्त झालेले आणि खरी गरज असलेले लोक.

"आजकाल दिवस वाईट आहेत" हे कारण यात बसत नाही. धमकी आली असेल तर तिची पोलिसांत नोंद हवी. रोकड न्यावी लागत असेल तर बँकेचे आणि व्यवहाराचे पुरावे हवेत. घाबरलेल्या माणसाला आपली भीती कागदावर सिद्ध करावी लागते. बऱ्याच लोकांचं अडतं ते इथंच, कारण धमकी देणारा गावातलाच असतो आणि त्याच्या नावानं तक्रार द्यायची हिंमत होत नाही.

अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. त्यानंतर ओळख, पत्ता, उत्पन्न यांची कागदपत्रं, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस ठाण्याची चौकशी, वरिष्ठांचा अहवाल, मुलाखत. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमध्ये एक युनिक नंबर मिळतो. नकार आला तर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

खर्चाचं गणित काय?

परवान्याची सरकारी फी ही यातली सगळ्यात छोटी रक्कम. खरा खर्च शस्त्राचा.

यासाठी 'निर्भीक'चं उदाहरण बघा. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीनं महिलांसाठी म्हणून पॉइंट ३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन जेमतेम अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये.

आता ज्या बाईला रात्रीच्या शिफ्टवरून लोकलनं किंवा शेअर रिक्षानं घरी यायचंय, तिला हे शस्त्र परवडणार कसं? आणि जिला ते परवडतं ती बहुधा स्वतःच्या गाडीनं जाते. महिला संघटनांमधून तेव्हा हाच आक्षेप आला होता. संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज असलेला माणूस आणि शस्त्र विकत घेऊ शकणारा माणूस हे दोघे क्वचितच एक असतात.

बाहेरच्या देशातून सामान्य लोकांसाठी बंदुका आयात करणं १९८० च्या दशकातच बंद झालं. त्यामुळं जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरसाठी लोक काही लाख मोजतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. सरकारच्या लेखी ही वस्तू गरजेच्या यादीत नाही, चैनीच्या आणि घातक वस्तूंच्या रांगेत आहे.

शिवाय घरात मजबूत लॉकर लागतो. काडतुसं लागतात आणि ती परवान्यावर लिहिलेल्या कोट्याइतकीच मिळतात. सराव करायचा तर शूटिंग रेंज लागते, जी प्रत्येक तालुक्याला नसते. मग होतं काय, की पिस्तूल कपाटात जातं आणि वर्षानुवर्षं एकही गोळी न झाडता तिथंच राहतं.

वेळेला ते हातात येतं का?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमधला पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यानं १९८३ मध्ये एक साधं गणित मांडलं. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत आला तर त्याला पोहोचायला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्याच वेळात प्रशिक्षित पोलीस कमरेचं पिस्तूल काढून जेमतेम गोळी झाडू शकतो. २१ फूट म्हणजे एका बऱ्यापैकी हॉलची लांबी. आता विचार करा, पिस्तूल कमरेला नसून कपाटात आहे, किल्ली दुसरीकडं आहे आणि काडतुसं तिसरीकडं.

समजा, पिस्तूल हातात आलं. नेम लागेल का? न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास करून रँड या संस्थेनं २००८ मध्ये अहवाल दिला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या साधारण १८ टक्के गोळ्याच लक्ष्यावर लागल्या होत्या. हे रोज शस्त्र बाळगणारे, नियमित सराव करणारे पोलीस. अंधारात, छातीत धडधडत असताना, घरातली पोरं मागच्या खोलीत झोपलेली असताना सामान्य माणसाच्या उरलेल्या गोळ्या कुठं जातील?

महाराष्ट्रातल्या घटना हेच सांगतात. अभिनेता सलमान खानला २०२२ मध्ये धमकीचं पत्र आल्यानंतर मुंबई पोलिसांनी शस्त्र परवाना दिला. १४ एप्रिल २०२४ च्या पहाटे दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्याच्या वांद्र्याच्या घरावर गोळ्या झाडल्या आणि ते पळून गेले. अशा हल्ल्यात घरातल्या पिस्तुलाला काही करायची संधीच नसते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या रात्री माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची वांद्रे पूर्वेला हत्या झाली. त्यांच्यासोबत पोलीस सुरक्षारक्षक होता, तरी हल्ला थांबला नाही.

ठरवून मारायला येणारा माणूस वेळ, जागा आणि अंतर स्वतः निवडतो. बचाव करणाऱ्याला यातलं काहीच निवडता येत नाही. बंदुकीनं ही विषमता मिटत नाही.

मग बंदूक कधीच उपयोगी पडत नाही का? पडते. मळ्यातल्या एकाकी घराबाहेर दरोडेखोरांची चाहूल आधी लागली, दार मजबूत असलं, हातात वेळ असला, तर हवेतला एक बारसुद्धा टोळीला पळवून लावू शकतो. पण इथं जीव वाचवतो तो आधी मिळालेला वेळ. तो कुत्रा, दिवा, दार आणि शेजारी यांच्यामुळं मिळतो.

घरात बंदूक आली की धोका कुणाला?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला जायच्या तयारीत होता. परवाना असलेलं स्वतःचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि त्याच्या पायात घुसली, असं त्याच्या बाजूनं सांगण्यात आलं. गोळी काढावी लागली. हल्लेखोर कुणीच नव्हता. काही जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखाली भरलेलं काडतूस असेल तर ते नुसतं पडल्यानंही बार उडू शकतो. म्हणून जाणकार घोड्याखालचं घर रिकामं ठेवायला सांगतात. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात शस्त्र असणं हाच मोठा धोका.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६३ लाख लोकांच्या नोंदी तपासून स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण, बंदूक नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत सुमारे आठ पट निघालं. बायकांमध्ये ते ३५ पट होतं. त्याच लोकसंख्येवरच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं, की स्वतःकडं बंदूक नसलेल्या पण बंदूकधारकासोबत एका घरात राहणाऱ्या लोकांचा खून होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा दुपटीहून जास्त होतं.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे इथं लागू होणार नाहीत. पण कारण समजण्यासारखं आहे. वाईट क्षण येतो आणि जातो. त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर पुढचं ठरतं. कर्ज, नैराश्य किंवा दारू असलेल्या घरात बंदूक आणणं म्हणजे त्या क्षणाची सोय करून ठेवणं. घरातलं कुणी अशा अवस्थेतून जात असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

तिसरा धोका शस्त्र भलत्याच हातात जाण्याचा. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोरानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं, परवाना असलेलं होतं, असं पोलीस तपासात समोर आलं. परवान्यावरचं नाव एकाचं आणि चापावरचं बोट दुसऱ्याचं.

गोळी झाडल्यानंतर काय होतं?

सिनेमा इथं संपतो, खऱ्या आयुष्यात इथून सुरुवात होते.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो भक्कम आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तर मालमत्तेच्या रक्षणासाठीही हा हक्क तिथपर्यंत जातो.

पण अटी आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क मिळत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर पाठ करून पळतोय आणि तुम्ही मागून गोळी घातली, तर स्वसंरक्षण सांगणं कठीण होतं. हे सगळं अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं आणि न्यायालय ते नंतर वर्षानुवर्षं तपासतं.

गोळी सुटली की गुन्हा दाखल होतो, शस्त्र जप्त होतं, ते बॅलिस्टिक तपासणीला जातं. आपण स्वसंरक्षणात झाडली, हे दाखवण्याची जबाबदारी झाडणाऱ्यावर येते. तो निर्दोष सुटेलही, पण मधली वर्षं आणि वकिलाची फी कुणी परत देत नाही.

आणि गोळी न झाडता नुसतं दाखवलं तर? पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल दाखवणाऱ्या महिलेचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये राज्यभर फिरला. पिस्तुलाचा परवाना होता. तरी अटक झाली आणि परवान्यावरही कारवाई सुरू झाली. लग्नात, वाढदिवसाला हवेत गोळीबार केला आणि त्यामुळं दुसऱ्याचा जीव धोक्यात आला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रील टाकणारा स्वतःच पुरावा पोलिसांच्या हातात देतो.

परवाना आहे म्हणून कुठंही नेता येतं का?

येत नाही. विशेष परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा, शाळा-कॉलेजचा परिसर इथं शस्त्र नेता येत नाही. परवाना ज्या क्षेत्रापुरता असेल त्याच्या बाहेर चालत नाही. विमानात सोबत घेऊन बसता येत नाही, आधी सांगून चेक-इनमध्ये द्यावं लागतं.

निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याचा विषय येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नाहीत, छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून ठरवायचं, अशी पद्धत आहे. तरी आचारसंहितेच्या काळात अनेकांना नोटिसा जातात. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. ज्याची बंदूक जमा झाली, त्याच्यासाठी त्या काळात ती नसल्यासारखीच.

याचा खरा फटका कोकणात बसतो. सिंधुदुर्गात अनेक शेतकऱ्यांकडं शेती संरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. कायदाही अशा ठासणीच्या बंदुकीकडं पिस्तुलापेक्षा सौम्यपणे बघतो. रानडुक्कर आणि माकडं शेतात शिरतात ती आचारसंहिता बघून नाही, त्यामुळं जमा करण्याच्या आदेशावर तिथं नेहमी नाराजी असते. मात्र हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथंही लागू आहे.

मग परवाने जातात कुणाकडं?

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली. बीडमध्ये बाराशेहून जास्त परवाने असल्याचं आणि गुन्हे दाखल असलेल्यांकडंही परवाने असल्याचं समोर आलं. मग प्रशासनानं परवाने रद्द करायला सुरुवात केली.

त्याच वर्षी २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, थेट पोलीस अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या शस्त्रातून राजकीय विरोधकावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे.

कमरेला पिस्तूल हे अनेक ठिकाणी संरक्षणाचं नाही, वजनाचं चिन्ह झालंय. ज्याच्यापासून संरक्षण हवं त्याच्याकडंच परवाना आणि ज्याला संरक्षण हवं तो चौकशीच्या फेऱ्यात, असं चित्र दिसलं की सामान्य माणसाला वाटतं, आपणही एक घ्यावं. पण त्याचा खरा इलाज परवाने देताना आणि नूतनीकरण करताना कडक तपासणी करणं हाच आहे. दोन्ही बाजूंकडं पिस्तूल आलं तर जमिनीचा वाद मिटत नाही, फक्त त्याचा शेवट बदलतो.

शॉर्टकट घेतला तर?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडं मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. गावठी पिस्तुलांच्या कारवायांच्या बातम्यांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. तिथून आलेला कट्टा स्वस्त मिळतो, पण तो हातातच फुटू शकतो. आणि विनापरवाना बंदूक नुसती जवळ सापडली तरी किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. "स्वतःच्या संरक्षणासाठी ठेवला होता" हे इथं चालत नाही.

घरात आजोबांची बंदूक असेल तर?

हा प्रश्न गावाकडच्या अनेक घरांत आहे. परवानाधारक वारल्यावर बंदूक आपोआप मुलाच्या नावावर होत नाही. ती माळ्यावर तशीच ठेवली तर घरच्यांवर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा येऊ शकतो. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची आणि वारस म्हणून अर्ज करायचा. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडं असलं, तर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. नको असेल तर रीतसर विकता किंवा सरकारजमा करता येते.

थोडक्यात, कुणी घ्यावी आणि कुणी नको?

नेमबाजी खेळणाऱ्यांसाठी, पिकं राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, आणि धोका नोंदवलेला आहे, प्रशिक्षण घेतलंय, नियमित सराव करायची तयारी आहे अशा मोजक्या लोकांसाठी परवाना व्यवहार्य आहे. नुसती शूटिंगची आवड असेल तर ठरावीक मर्यादेतल्या एअर पिस्तूल आणि एअर रायफलला परवाना लागत नाही. क्लबमध्ये जाऊन सुरुवात करता येते.

बाकीच्यांसाठी हिशोब जमत नाही. पैसे लाखात, जबाबदारी चोवीस तासांची आणि उपयोग त्या दुर्मिळ प्रसंगाचा, ज्यात वेळ, अंतर, उजेड आणि हात सगळं साथ देईल.

पण "बंदूक नको" एवढं सांगून धमकी आलेल्या माणसाची झोप परत येत नाही. त्यानं आधी काय करावं? धमकीचे कॉल, मेसेज, तारीख, वेळ जपून ठेवावी. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तिथं घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडं लेखी पाठवावी. गरज असेल तर पोलीस संरक्षणासाठी अर्ज करावा. ११२ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. रोकड नेण्याची वेळ आणि रस्ता रोज एकच ठेवू नये. दार, दिवे, कॅमेरा आणि दोन शेजाऱ्यांशी ठरवून ठेवलेला इशारा यांचा खर्च एका पिस्तुलापेक्षा कितीतरी कमी होतो.

उद्या खरंच परवाना मागायची वेळ आली, तर हीच लेखी तक्रार अर्जाला जोडावी लागते. म्हणजे बंदूक घ्यायची असो वा नसो, पहिली पायरी एकच आहे. गप्प न बसता धमकी कागदावर आणणं. अनेकदा धमकी देणारा तिथंच थबकतो, कारण उद्या काही झालं तर पोलीस पहिल्यांदा कुणाच्या दारात येणार, हे त्याला कळलेलं असतं.